दोन ठिकाणी हिंगळाई

१

संकटाची खोटी हाक हा आमच्या धंद्यात चोरीहून मोठा गुन्हा. चोर एक घर लुटतो. खोटी हाक देणारा बचावाची बोट, तिच्यावरची माणसं आणि आसपासच्या होड्या फुकट धावायला लावतो. नेमकं तेव्हाच दुसरीकडे कुणी खरोखर बुडत असेल, तर त्याचं काय? किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात मी चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. अशा माणसाला मी माफ करत नाही, मग तो कितीही गोड बोलो.

त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी वर्सोव्याहून जयंतीबाईंचा फोन आला, तेव्हा माझी पोळी तव्यावरच करपली.

"बाय, आमच्यांवर आळ आलाय," त्या म्हणाल्या. "काल हिंगळाईवरनं लाल बटण दाबलं म्हणतात. बचाववाले दोन तास दर्यात फिरले, हाती काय नाय. आज पाचला सोसायटीची मीटिंग हाय. नारळाचा मान काढून घेणार आमच्यांकडनं."

जयंतीबाईंचे यजमान धोंडिराम तांडेल हे 'हिंगळाई' या होडीचे मालक, आणि माझे विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर मी वर्सोव्याच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये होडीवरचा रेडिओ चालवायला शिकवते. साठीला आलेले धोंडिराम नाकावर चष्मा ठेवून पहिल्या बाकावर बसायचे. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसरीत पास. त्या आनंदात त्यांनी मला जिवंत खेकड्यांची पिशवी दिली होती. ती मेट्रोतून घाटकोपरला नेताना काय झालं, ते विचारू नका.

आणि नारळ म्हणजे साधा नारळ नव्हे. परवा, शनिवारी, नारळी पौर्णिमा होती. कोळीवाड्याचा सोनेरी नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला द्यायचा मान दर वर्षी एका जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, मिळतो. बेचाळीस वर्षं दर्यात घालवल्यावर यंदा धोंडिरामांची पाळी आली होती. त्यांच्या वडिलांची पाळी यायच्या आधीच वडील गेले, हे मला जयंतीबाईंनीच एकदा सांगितलं होतं.

"त्यांनी दाबलं का?" मी विचारलं.

"नाय म्हणतात."

"मग नसेल दाबलं," मी म्हणाले आणि चपला पायांत सरकवल्या. अर्थात मनात शंका होतीच. विद्यार्थ्यांवर माया असावी, पण डोळे मिटून नसावी.

२

सोसायटीचे चिटणीस चंद्रप्रकाश म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि तोंडात नियम. माणूस वाईट नाही. फक्त त्याला वाटतं की जगात जे काही घडतं ते कागदावर असतंच, आणि कागद त्यालाच कळतो.

"हे बघा मॅडम," त्यांनी बचाव केंद्राकडून आलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "बुधवार, सकाळी दहा एकोणचाळीस. हाक 'हिंगळाई'च्या नंबरवरनं. होडीची किल्ली एकट्या धोंडिरामकडे. आणि साडेदहाला मी स्वतः त्याला होडीवर बघितला, आपल्या खाडीत. हात हलवला त्यानं मला. मी धक्क्यावरनं निघालो तेव्हा पावणेअकरा झाले होते, तोवर तो तिथेच. अजून काय पुरावा पाहिजे?"

ज्यांनी असा रेडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डब्यावर एक लाल झाकण असतं. ते उचलायचं, खालचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. रेडिओ आपणहून सत्तर नंबरच्या चॅनलवर होडीचा नऊ आकडी नंबर, त्या क्षणाची जागा आणि वेळ पाठवून देतो. आसपासच्या सगळ्या होड्यांचे रेडिओ कोकलायला लागतात. मग आपण सोळा नंबरवर तोंडानं बोलायचं: 'मेडे' ही संकटाची हाक, होडीचं नाव, काय झालंय, किती माणसं. हा दुसरा भाग मी वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगते, आणि दुसरा भागच सगळे विसरतात.

"पण कागदावरची जागा मनोरीच्या पश्चिमेला आहे," मी म्हणाले. "होडी तर इथे खाडीत."

चंद्रप्रकाश या प्रश्नाचीच वाट पाहत होते. "तेच तर! जागेपुढची वेळ वाचा. पाच वाजून नऊ मिनिटं. म्हणजे पहाटे होडी तिथे होती. नारळ पडायच्या आधीच हा गुपचूप दर्यात जाऊन आला. रेडिओत ती जुनी जागा तशीच राहिली, आणि नंतर खाडीत बसून बटणांशी खेळताना हाक गेली."

आता मला कळलं की प्रकरण नारळाच्या मानापर्यंत का गेलं. बटण चुकून दाबलं जाणं ही चूक. पण वर्सोव्यात पौर्णिमेच्या आधी होडी बाहेर काढणं, आणि तेही ज्याच्या हातून नारळ पडायचा त्यानं, हे म्हणजे देवाच्या ताटातलं आधीच उचलून खाणं.

'हिंगळाई'वरचा रेडिओ चिटणीसांनी काढून आणून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला होता. "पुरावा आहे, वायरी लावायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. मी नुसता पाहिला. समोर 'हिंगळाई' असं स्टिकर होतं. लाल झाकण उचललं. बटण नीट, झाकणाची आतली बाजू पांढरी स्वच्छ. मी तो परत गुंडाळून ठेवला.

कागदाच्या शेवटी एक ओळ होती: 'शोधाला सर्वांत आधी आलेली होडी: सेंट पीटर, मनोरी. चार मिनिटांत.'

"बघा, लोक कसे धावतात," चंद्रप्रकाश म्हणाले. "आणि आपले लोक!"

मी जिना उतरले. चौथ्या पायरीवर थांबले. चौतीस वर्षं ज्या घड्याळावर काढली ते घड्याळ मी निवृत्तीच्या दोन वर्षांत विसरले होते, याची मला लाज वाटली. रेडिओचं घड्याळ मुंबईचं नसतं. ते ग्रीनिचचं असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कागदावरच्या पाच वाजून नऊ मिनिटांत साडेपाच तास मिळवा. दहा एकोणचाळीस.

म्हणजे जागा पहाटेची नव्हती. हाक गेली त्याच मिनिटाची होती. आणि त्या मिनिटाला धोंडिराम आणि त्यांची होडी वर्सोव्याच्या खाडीत असल्याचे साक्षीदार खुद्द चंद्रप्रकाश होते.

'हिंगळाई' एकाच वेळी दोन ठिकाणी होती.

३

परत वर जाऊन चिटणीसांना सुनवावं असं फार वाटलं. पण अर्धं उत्तर सांगितलं की उरलेलं अर्धं लोक स्वतः रचतात. मी धोंडिरामांच्या घरी गेले.

ते ओटीवर बसून होडीची फळी रंगवत होते. निळ्या रंगात पांढरी रेघ. माणूस रागावला असता तर बरं वाटलं असतं. ते नुसते खाली बघून रेघ ओढत होते.

"मी नाय दाबला, मॅडम. दाबला असता तर पयला तुमालाच सांगितला असता. इंजिन शुक्रवारपासनं खोललेला हाय, होडी जाणार कशी?"

"मेकॅनिक सांगेल ना?"

"गावाला गेला तो. चंद्रप्रकाश म्हनतो, इंजिन काल खोललास, लपवायला." त्यांनी ब्रश ठेवला. "नारळ दुसऱ्याला दिला तर देऊ दे. पण नारळ पडायच्या आधी गेलो असं कोनी बोलू नये. माझ्या बापाला तरी काय वाटेल?"

बाप जाऊन तीस वर्षं झाली होती. पण ते म्हणाले ते काही खोटं नव्हतं.

जयंतीबाईंनी चहा आणला. आतल्या खोलीत पूजेची तयारी मांडलेली दिसत होती: हळद, कुंकू, हार, होडीला बांधायची पताका. मी सहज विचारलं, "रेडिओचीही पूजा करता का हो?"

"करणारच! तीन वर्सं झाली, दर पौर्णिमेला. इंजिनाला करायची, जाळ्याला करायची, मंग रेडिओनं काय घोडं मारलंय?" त्या हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा. "लाल झाकण उचलायचं आणि आत हळदकुंकवाचं बोट लावायचं."

"झाकण उचलून?"

"मंग? संकटाला धावतो तो आत बसलाय. झाकणावर लावून त्याला कसं पोचेल?"

माझा कप बशीत टेकला. स्वयंपाकघरात ज्यानं आयुष्य काढलंय त्याला सांगायला नको की हळदीचा डाग प्लास्टिकवरून निघत नाही. साबण लावा, स्पिरिट लावा, घासत बसा. माझ्या मसाल्याच्या डब्याचं झाकण वीस वर्षं पिवळं आहे.

आणि सोसायटीच्या कपाटातल्या रेडिओचं झाकण आतून पांढरं स्वच्छ होतं.

"धोंडिराम," मी म्हणाले, "पावसाळ्यात तुमचा रेडिओ कुठे होता?"

४

जून-जुलैची मासेमारी बंद झाली की होड्यांवरचे रेडिओ उतरवतात, नाहीतर दमट हवेत त्यांची वाट लागते. कुणी घरच्या कपाटात ठेवतो, कुणी दुरुस्तीला देतो. धोंडिरामांनी केयूरकडे दिला होता.

केयूरचं दुकान अंधेरीला मेट्रोच्या जिन्याखालच्या गल्लीत. दहा बाय दहाच्या जागेत वायरी, अँटेना, सोल्डरचा वास आणि मध्ये केयूर. हुशार मुलगा, मुलगा कसला, चाळिशीचा आहे. मला पाहून तो उठला, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला, परत बसला, परत उठला.

"केयूर, हिंगळाईचा सेट तू साफ केलास ना?"

"हां मॅडम. एकदम झकास करून दिला. काय प्रॉब्लेम?"

"त्याच वेळी त्याच कंपनीचा, तसाच दुसरा सेट आला होता का तुझ्याकडे?"

"किती सेट येतात मॅडम, सीझनला तर ढीग असतो. कसं लक्षात राहणार?" त्यानं कपाळ पुसलं. पंखा माझ्याकडे होता हे खरं, पण इतकंही उकडत नव्हतं.

"आठवून बघ."

"मॅडम, त्या मनोरीवाल्यानं कंप्लेंट केली काय तुमच्याकडे?"

मी मनोरीचं नाव घेतलं नव्हतं.

केयूरलाही ते कळलं. तो स्टुलावर बसला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत राहिला. रेडिओवर काय, समोरासमोर काय, आपण बोलायचं बटण सोडल्याशिवाय समोरच्याचं ऐकू येत नाही.

"स्टिकर निघाले मॅडम," तो शेवटी म्हणाला. "स्पिरिटनं पुसताना दोघांचे निघाले. मी आठवून परत लावले. मला वाटलं, बरोबर लावले."

"नंबर तपासला नाहीस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. कालपासून हे लपवून ठेवल्याचा मला राग आला. तो राग मी संध्याकाळवर ठेवला. "पाच वाजता सोसायटीत ये," म्हणाले, "स्वतःहून आलास तर चांगलं. मी बोलावून घेतलं तर फार वाईट." आणि फेरी गाठायला निघाले. मनोरीची होडी चार मिनिटांत कशी पोचली, हे आता विचारायला हवं होतं.

५

वर्सोव्याहून मढची फेरी, तिथून रिक्षानं मार्वे, मार्व्याहून मनोरीची फेरी. पाण्यावरचा वारा तोंडाला लागला आणि मला एकदम बरं वाटलं. आरोप, मीटिंग सगळं खरं, पण चौतीस वर्षं मी या पाण्याचे नुसते आवाज ऐकले. आता पाणी बघायला मिळतं, तर का नाही आनंद घ्यायचा?

'सेंट पीटर'चा मालक बस्त्याव क्रूसाशेजारच्या झाडाखाली जाळं विणत होता. मनोरीचे हे ख्रिस्ती कोळी. पाद्रीबाबांनी होडीवर पाणी शिंपडलं की बंदी उठल्याबरोबर दर्यात जातात, नारळाची वाट बघत नाहीत. मी वर्सोव्याची म्हणताच तो उखडला.

"वर्सोवा? त्या हिंगळाईवाल्याला सांग माझा निरोप! आधीच माझी काल वाट लागली होती. होडीच्या पंख्यात दोरी अडकली, इंजिन बंद, होडी खडकाकडं चालली. मी लाल बटण दाबला, पाच मोजले, कोयता घेतला आणि पाण्यात उडी टाकली. दोरी कापून वर आलो तर रेडिओ वरडतोय: हिंगळाई, हिंगळाई, उत्तर द्या! माझी हाक राहिली बाजूला. बोललो, जाऊ दे, मी वाचलो, हा कोणतरी बुडतोय. दीड तास शोधला त्याला, मॅडम. पार उत्तन बाजूपर्यंत! डिझेल गेला, मासळी गेली. आणि संध्याकाळी कळला, खोटी हाक होती म्हणे!"

"बटण दाबल्यावर सोळा नंबरवर बोललास का?"

"पाण्यात उडी टाकू का बोलत बसू?"

"दहा सेकंद लागतात. तेवढं बोलला असतास तर आज मला तीन वाहनं बदलावी लागली नसती." मग मी जरा आवाज उतरवला. "नंतर केयूरकडे गेलास ना?"

"फोन केला. शिव्या घातल्या. बोललो, तुझा डबा बोगस हाय, बटण दाबला तरी माझी हाक जात नाय."

"तुझी हाक गेली होती रे बाबा. रेडिओ दाखव मला."

त्यानं होडीवर नेलं. मी लाल झाकण उचललं. आतल्या बाजूला, मधोमध, बोटाएवढा पिवळाधमक डाग होता.

बस्त्यावनं वाकून पाहिलं. "हे काय? आमच्यात कोण हळद लावतो?"

"बस्त्याव," मी म्हणाले, "हा डबा काढ आणि चल माझ्याबरोबर. ज्याला तू दीड तास शोधत होतास, त्याची भेट घालून देते."

६

मीटिंगला निम्मा कोळीवाडा लोटला होता. धोंडिराम पहिल्या बाकावर, वर्गात बसायचे तिथेच, मांडीवर हात ठेवून बसले होते. चंद्रप्रकाशांनी कागद वाचला, पाच वाजून नऊ मिनिटांवर विशेष जोर दिला, आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

"मला बोलायचंय," मी म्हणाले. "चिटणीससाहेब, काल साडेदहापासून पावणेअकरापर्यंत धोंडिराम खाडीत होते ना?"

"होते. शपथेवर सांगतो."

"धन्यवाद. तेवढंच पाहिजे होतं."

मग मी ग्रीनिचचं घड्याळ सांगितलं. फळ्यावर पाच-नऊ लिहिलं, खाली पाच-तीस, आणि बेरीज मारली. हॉलमध्ये कुजबुज झाली. चंद्रप्रकाशांनी खिशातलं पेन काढून स्वतः बेरीज केली; ती तेवढीच आली.

"म्हणजे हाक देणारा रेडिओ त्या क्षणी मनोरीपुढे होता," मी म्हणाले. "आणि चार मिनिटांत तिथे कोण पोचलं? सेंट पीटर. पोचायचंय कुठे, ती होडी तिथेच होती. तीच संकटात होती."

"पण नंबर तर हिंगळाईचा!" कुणीतरी ओरडलं.

"इथेच आपली सगळ्यांची चूक. होडीच्या नाकावर नंबर रंगवतो, तसा हाही नंबर होडीला चिकटलाय असं आपण धरून चालतो. तो होडीत नसतो, डब्यात असतो. एकदा भरला की कंपनीशिवाय कुणाला पुसता येत नाही. डबा ज्या होडीत जाईल, ती होडी रेडिओवर हिंगळाई होणार."

मी टेबलावर गाडीची बॅटरी ठेवायला लावली. आधी कपाटातला रेडिओ जोडला, ज्यावर 'हिंगळाई' लिहिलं होतं. पडदा उजळला. चंद्रप्रकाशांनाच आकडे वाचायला सांगितले. "शेवटी चौसष्ट," ते हळूच म्हणाले. हिंगळाईच्या नंबरच्या शेवटी अडतीस होते, हे त्यांच्याच कागदावर होतं. मग बस्त्यावचा रेडिओ जोडला. शेवटी अडतीस.

"आणि हे बघा," मी लाल झाकण उचलून डाग दाखवला. जयंतीबाई मागून ओरडल्या, "माझं बोट हाय ते!" सगळा हॉल हसला.

दारातून केयूर पुढे आला. स्वतःहून आला होता, हे लिहून ठेवते. "स्टिकर मी उलटे लावले," तो म्हणाला. "काल बस्त्यावभाईचा फोन आला तेव्हाच समजलो. घाबरलो. धोंडिरामकाका, माफ करा. बचाव केंद्राला मी लिहून देतो."

मी जपून ठेवलेला राग काढणार होते, पण धोंडिराम उठले. ते केयूरकडे गेले नाहीत. बस्त्यावपुढे जाऊन उभे राहिले.

"तू मला शोधत होता?"

"दीड तास," बस्त्याव अवघडून म्हणाला. "शिव्या पण दिल्या."

"मी बुडलो नव्हतो रे."

"मला काय माहीत?"

धोंडिरामांनी त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मला डोळे पुसावे लागले, आणि मी ते उघड पुसले. चंद्रप्रकाशांनी इतिवृत्तात लिहिलं की नारळाचा मान पूर्ववत, आणि खाली, न सांगता, लिहिलं की पहाटे होडी बाहेर गेल्याचा आरोप खोटा होता व तो चिटणीसांनी केला होता. म्हणाले ना, माणूस वाईट नाही.

शनिवारी सेंट पीटर मनोरीहून आली. मिरवणूक धक्क्यावर पोचली, ढोल थांबले. त्याआधी जयंतीबाई 'हिंगळाई'वर चढून परत मिळालेल्या स्वतःच्या रेडिओपाशी हळदीचं बोट घेऊन उभ्या होत्या. "लावा," मी म्हटलं, "पण टेकवा नुसतं. पाच मोजू नका."

धोंडिरामांनी सोनेरी नारळ कपाळाला लावला आणि पाण्याकडे वळता वळता थांबले. गर्दीत बस्त्याव उभा होता. त्यांनी त्याला खूण केली.

"मी? मी कसा?" बस्त्याव म्हणाला. गळ्यातला क्रूस त्यानं उगाचच चाचपला.

"नाव माझं, जागा तुझी," धोंडिराम म्हणाले. "हाक दोघांनी मिळून दिली. नारळ पण दोघांनी द्यायचा."

चार हातांनी नारळ पाण्यात सोडला. चंद्रप्रकाशांनी सवयीनं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बोटांवर साडेपाच तास वजा केले.